चोवीस पानांचा सिनेमा आणि एक बाकडं

आषाढात आमच्या धंद्याला काम नसतं. लग्नसराई आटोपलेली, जत्रा थेट कार्तिकात, गणपतीला अजून अवकाश. कर्णे पडवीत पालथे पडलेले असतात. त्यांची युनिटं काढून डब्यात ठेवायची, आत मूठभर तांदूळ टाकायचे, म्हणजे दमट हवेने आतलं कॉइल खराब होत नाही. वायरींच्या गुंडाळ्या खुंटीला. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं मंडप आणि माईकचं दुकान आहे. बाबांनी १९७४ साली एक मशीन, दोन कर्णे आणि एक रेकॉर्डप्लेअर घेऊन ते सुरू केलं. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. आमच्या धंद्यात कोणी अॅम्प्लिफायर म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याहून पुतण्या आला होता. रात्री लाईट गेलेली, पाऊस असा की अंगणातली तुळस दिसेना. तो म्हणाला, "काका, लॅपटॉपला चार्जिंग आहे, एक जुना इंग्रजी सिनेमा दाखवतो. एका गावात गाणं वाजवायला बंदी घालतात, त्याची गोष्ट आहे. तुम्हाला आवडेल." पत्र्यावरच्या पावसापुढे लॅपटॉपचा आवाज टिकेना, म्हणून मी छोटं मशीन बॅटरीवर लावलं, एक बॉक्स जोडला आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, ही आणि पुतण्या, ओटीवर बसून सिनेमा बघितला. त्यानंतर मी तो आणखी दोनदा बघितला आहे. म्हणून हे लिहितोय.

सिनेमाचं नाव 'इट्स ट्रॅड, डॅड!'. साल १९६२, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. काळा-पांढरा, सव्वा तासाच्या आसपास, कमी पैशांत आणि घाईत केलेला. ट्रॅड म्हणजे ट्रॅडिशनल जॅझ. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातलं जुन्या वळणाचं संगीत इंग्लंडमधल्या पोरांनी उचललं, आणि १९६० ते १९६२ च्या सुमारास तिथे त्याची लाट आली होती. लाट ओसरायच्या आत सिनेमा थिएटरात लागला पाहिजे, एवढाच निर्मात्याचा हिशेब.

गोष्ट सांगतो. एका छोट्या शहरात कॉफीचं दुकान आहे. तिथे ज्यूकबॉक्स आहे, नाणं टाकलं की तबकडी वाजवणारं यंत्र. पोरं जमतात, नाचतात. नगराध्यक्षाला ते खपत नाही. तो ज्यूकबॉक्सचा परवाना काढून घेतो. मग क्रेग आणि हेलन अशी दोघं टीव्हीच्या स्टुडिओत जाऊन धडकतात. एखाद्या नावाजलेल्या डिस्क जॉकीला गाठायचं, आपल्या गावात मोठा कार्यक्रम लावायचा, म्हणजे मोठ्या माणसांना काही बोलता येणार नाही. नगराध्यक्ष आडवा येतो, कलावंतांची बस रोखू बघतो, पण शेवटी कार्यक्रम होतो. झालं. बाकी सगळी गाणी. वीसच्या वर गाणी आहेत.

ही आठळ्या सोलत बघत होती. अर्ध्यावर म्हणाली, "गजाल खय आसा ह्येच्यात? नुसती गाणीच मरे!"

खरं आहे. गजाल, म्हणजे गोष्ट, नाहीच. मिल्टन सबोट्स्की नावाच्या निर्मात्याने दिग्दर्शक रिचर्ड लेस्टरच्या हातात चोवीस पानं दिली. लेस्टरला वाटलं, ही नुसती रूपरेषा, पटकथा मागून येईल. तीच पटकथा होती. लेस्टरचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. मूळचा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा, इंग्लंडमध्ये येऊन टीव्ही आणि जाहिरातींत काम करणारा तिशीचा माणूस. त्याने काय करावं? ट्विस्ट नाच येऊ घातलाय हे ओळखून तो न्यूयॉर्कला गेला आणि चबी चेकरसारख्या अमेरिकन गायकांची गाणी तिकडेच चित्रित करून आला. इकडच्या वाद्यवृंदांना स्टुडिओत उभं केलं. दोन्हीकडची गाणी गोष्टीच्या दोऱ्यात ओवली.

हे ऐकलं आणि मला आमचा दशावतार आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा, बघत असतानाच मी मनात तिथे जाऊन बसलो होतो.

ज्यांनी दशावतार बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जत्रेत पालखी फिरून आली की देवळासमोर नाटक उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग शंकासुर, असं आडदशावतार. त्यानंतर पुराणातलं एखादं आख्यान. ह्या आख्यानाची लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता कंपनीचा मालक सांगतो, आज अमुक आख्यान, तू राजा, तू नारद, तू राणी. एवढ्यावर माणसं पाच तास बोलतात. रंगमंचावर एक लाकडी बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच राणीचा महाल. बाजूला पेटी, पखवाज, झांज. मी लहानपणापासून वर्षाला तीस-चाळीस नाटकांना माईक लावले असतील. कोणी संहितेवाचून अडलेला मला आठवत नाही.

त्या सिनेमात एक निवेदक आहे, दिसत नाही, फक्त आवाज. क्रेग आणि हेलन कुठे अडली की वर बघून त्याच्याशीच बोलतात, मदत मागतात, आणि तो त्यांना पुढच्या ठिकाणी पोचवतो. पुतण्या म्हणाला, हे तेव्हाच्या मानाने फार नवं होतं. त्याच्या दृष्टीने असेल. आमचा शंकासुर पेटीवाल्याशी मालवणीत गजाली मारतो, प्रेक्षकातल्या कोणाला तरी हाक मारतो, हे मी चार वर्षांचा असल्यापासून बघतोय. ज्याच्याकडे दृश्य बदलायला पैसे नाहीत तो बोलून दृश्य बदलतो. लंडनला काय आणि आमच्या तालुक्यातल्या मोचेमाडला काय.

गाण्यांकडे येतो, कारण जीव तिथे आहे.

हेलन शापिरो. सिनेमातलं नाव पण हेलनच. १९६१ साली, पंधराव्या वाढदिवसाच्या आगेमागे, ह्या मुलीची दोन गाणी इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली होती. आवाज इतका खर्जातला की शाळेतल्या मैत्रिणी तिला भोंगा म्हणायच्या, धुक्यात जहाजं वाजवतात तो. मला असे आवाज फार आवडतात. पातळ आवाजाला कर्ण्यातून काढलं की तो कापल्यासारखा लागतो. भरदार आवाज कर्णा सुद्धा बिघडवू शकत नाही. १९६३ च्या फेब्रुवारीत ही मुलगी दौऱ्यावर निघाली तेव्हा तिच्या आधी गायला, पुढे जगभर गाजलेले, बीटल्स होते. नायक क्रेग डग्लस वाइट बेटावर घरोघर दूध घालायचा, तिथून गायक झाला.

अॅकर बिल्क मला सगळ्यांत जवळचा वाटला. सॉमरसेटमधल्या पेन्सफर्ड खेड्यातला माणूस. डोक्यावर गोल टोपी, पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट, हातात क्लॅरिनेट. इजिप्तमध्ये सैन्यात असताना पहाऱ्यावर झोपला म्हणून कैद झाली, आणि त्या कैदेत तो क्लॅरिनेट शिकला. लहानपणी मारामारीत पुढचे दोन दात गेले, बर्फावरच्या घसरगाडीत बोटाचा तुकडा गेला. आपल्या वाजवण्याची ढब त्यातूनच आली असं तो सांगायचा. सिनेमा आला त्याच वर्षी त्याची एक संथ धून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. ती त्याने आपल्या मुलीसाठी बांधली होती. मी पुतण्याला ती लावायला सांगितली. आमच्याकडे लग्नाच्या बँडात एक क्लॅरिनेटवाला होता, वरात निघताना असाच स्वर धरून ठेवायचा. वऱ्हाडी थांबायचे आणि नवरदेवाला उन्हात उभं राहावं लागायचं. त्याचे स्वर ऐकून पंचवीस वर्षं झाली.

ह्या वाद्यवृंदांत बँजो असतो. केनी बॉलचा घ्या, ख्रिस बार्बरचा घ्या, मागे कोणीतरी सतत छडछड छडछड वाजवत असतो, तालाचा कणा तो. आमच्या कोकणात बेंजो म्हटलं की वेगळंच वाद्य. आमची बेंजो पार्टी वाजवते तो खरं तर बुलबुलतरंग, टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेला, मूळ जपानी वाद्यावरून आलेला. त्याला तारांचा आवाज पकडणारा पिकअप लावून मशीनला जोडला की गणपतीच्या मिरवणुकीत दोन किलोमीटरवर ऐकू जातो. नाव एकाचं, वाद्य दुसऱ्याचं. दोन्हीकडे पोरांना नाचवायचं कामच करतात म्हणून नाव चिकटलं असेल का, असं मला त्या रात्री वाटलं.

आणि टेम्परन्स सेव्हन नावाचा वाद्यवृंद. हे लोक जुन्या काळचे कपडे घालून जुन्या काळचं संगीत वाजवतात, आणि त्यांचा गायक पॉल मॅकडॉवेल तोंडापुढे मेगाफोन धरून गातो. बिनविजेचा कर्णा! बाबांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. मशीन आवाज वाढवतं, पण कर्णा आवाजाला वाट दाखवतो. हाताचा द्रोण तोंडाला लावून शेतापलीकडे हाक मारतो तेव्हा आपण कर्णाच करतो. ह्या टेम्परन्स सेव्हनचं १९६१ मधलं गाणं हे निर्माता जॉर्ज मार्टिनचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं. पुढे बीटल्सच्या तबकड्या त्यानेच केल्या.

लेस्टरने काय केलं बघा. त्याच्याजवळ गोष्ट नव्हती, सेट नव्हते, वेळ नव्हता. पण प्रत्येक गाण्याला त्याने वेगळी वागणूक दिली. एकात पडद्याचे तुकडे केले, एकात हालचालीचा वेग वाढवला, एकात नुसता चेहरा आणि धूर. जीन मॅकडॅनियल्सचं गाणं तर दोनच गोष्टींवर उभं आहे, काळोख आणि एक माणूस. कॅमेरा गिल्बर्ट टेलरचा. पंधरा वर्षांनी ह्याच टेलरने 'स्टार वॉर्स' चित्रित केला, पण मला ह्या काळोखातलं काम त्याहून मोठं वाटतं. गाणी आधी रेकॉर्ड केलेली आहेत आणि गायक ओठ हलवतायत, हे मला लगेच कळलं. समोर माईक असला तरी गायकाचं अंतर चुकतं, श्वास कुठे घेतो ते जुळत नाही. त्याने बिघडलं काही नाही. एकाही कलावंताला 'चला, तुमचं झालं, पुढचा' असं केलेलं नाही. ते मी धंद्यात खूप बघितलंय, आणि मला त्याचा राग आहे.

पुतण्याने आणखी एक सांगितलं, ते ऐकून मी उठून बसलो. ह्याच्या आधी लेस्टरने अकरा मिनिटांचा एक छोटा सिनेमा केला होता. दोन रविवार, एक माळरान, विनोदी नट पीटर सेलर्सचा कॅमेरा आणि सत्तर पौंड खर्च. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्यात सेलर्सच्या जोडीला होता स्पाइक मिलिगन, आणि हा मिलिगन जन्मला आपल्या अहमदनगरला, १९१८ साली. बालपणाची काही वर्षं पुण्यात गेली. बीटल्सना तो छोटा सिनेमा फार आवडायचा, म्हणून १९६४ मध्ये त्यांचा पहिला सिनेमा लेस्टरकडे आला. चोवीस पानांच्या सिनेमात जे हात बसले तेच तिथे कामाला आले.

पण माझं मन अडकलं ते नगराध्यक्षापाशी.

तुम्ही म्हणाल, माईकवाला नगराध्यक्षाच्या विरोधातच असणार. तसं सोपं नाही. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालचा. सरकार वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट देतं. नियम चुकीचा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. घरात आजारी माणूस असताना बाहेर छाती हादरवणारे बॉक्स लागले तर काय होतं ते मी आईच्या शेवटच्या दुखण्यात बघितलं. तसले बॉक्स मी दुकानात आणले नाहीत, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली. पण दशावतार उभा राहतो तोच मध्यरात्री. दहाचा नियम धरला तर गणपती सुद्धा आत यायचा नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावच्या जत्रेत नाटक रंगात आलेलं, रात्रीचा एक वाजून गेलेला. दोन पोलीस आले. चांगल्या शब्दांत म्हणाले, तक्रार आली आहे, मशीन बंद करा. मी बंद केलं. लाल दिवा विझला आणि टांगलेले दोन माईक नुसते दोरीला लटकत राहिले. त्या वेळी स्त्रीपार्टी करणारा नट राणीचा विलाप करत होता. बाकड्याच्या कडेला बसलेला, नऊवारी, नाकात नथ, वय पन्नाशीच्या पुढे. तो एक क्षण थांबला. पेटीवाल्या तात्यांकडे त्याने बघितलं. तात्यांनी सूर सोडला नव्हता. मग त्याने तसंच, माईकशिवाय, पुढे धरलं.

आणि माणसं सरकली. पाठीमागे आंब्याखाली घोंगडं पांघरून बसलेली, चहाच्या टपरीवरची, खाजं विकणाऱ्यांच्या रांगेतली, सगळी उठून पुढे आली. कोणी कोणाला गप्प राहा म्हटलं नाही. मी मशीनच्या खुर्चीवरून उठलो आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या माणसाचा आवाज कर्ण्यातून न येता ऐकला. त्यात एक कंप होता. माझ्या मशीनमध्ये तो कधीच आला नव्हता. मी ट्रेबल कमी-जास्त करून वीस वर्षं तो कापत होतो. पखवाजाची शाई हाताखाली कशी घुमते ते ऐकू आलं. पहाटे नाटक संपलं तेव्हा मी त्याला जाऊन नमस्कार केला. तो रंग पुसत होता. म्हणाला, "मशीन नाय तरी लोक आयकतत रे. पन घसो बसलो माजो."

तो नट आता नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याचा आवाज माझ्याजवळ एका कॅसेटवर होता. मी मधूनमधून मशीनच्या मागच्या बाजूला टेपरेकॉर्डर जोडायचो आणि चांगलं नाटक असेल तर भरून ठेवायचो. अशा अकरा कॅसेटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मंडपाच्या कापडांच्या शेडमध्ये. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. शेडचे पत्रे उडाले ते तीन घरांपलीकडे माडांत सापडले. कापडं वाचली, उन्हात वाळवली. डब्यात पाणी शिरलं होतं. मी त्या उघडून, फीत हाताने फिरवून, पुन्हा पुन्हा वाजवून बघितल्या. एकीवर चार मिनिटं निघाली, तीही नुसती झांजेची.

म्हणून हा सिनेमा बघताना मला सारखं वाटत होतं, बरं झालं कोणीतरी घाईत का होईना, हे करून ठेवलं. सिनेमा थिएटरात लागला आणि वर्षभरात बीटल्स आले, ट्रॅडची लाट बसली. चोवीस पानं लिहिणाऱ्याने फक्त धंदा बघितला असेल. पण अॅकर बिल्कची बोटं कळांवर कशी पडत होती ते मला आज, आषाढात, वेंगुर्ल्याजवळ बसून दिसतं. बाबांनी आणि मी मिळून पन्नास वर्षं आवाज मोठा केला. ठेवला एकही नाही.

तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं वेगवेगळ्या दशावतार कंपन्यांत पेटी वाजवली, आता गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाहीत. कोणत्या आख्यानात कोणत्या प्रवेशाला कोणतं पद, कोणत्या चालीत, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही. पुतण्या परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना रिक्षाने घरी आणलं. पडवीत पत्र्याचा आवाज येतो म्हणून माजघरात बसवलं. पुतण्याचा मोबाईल तांदळाच्या डब्यावर उभा केला, पेटीपासून दोन हात लांब. मी एकही माईक काढला नाही.

तात्यांनी भाता दोनदा दाबून सोडला. इकडेतिकडे बघितलं.

"माईक खय?"

"माईक नको तात्या. ह्या मोबाईलात भरतंय."

"मगे मी कोणाकडे बघान गावू?"

पुतण्या म्हणाला, मोबाईलकडे बघा. तात्यांनी मोबाईलकडे बघितलं, मान हलवली, हात पेटीवरून काढून मांडीवर ठेवले. मला काही सुचेना. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून सोलायच्या आठळ्या सुपात घेऊन आली, मोबाईलच्या मागे भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "माझ्याकडे बघा. राणीचा विलाप सांगा. तो माका पुरो आयकाक कधी गावलोच नाय, चुलीकडेच जाय सगळी रात."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं आणि पेटीवर काळी चारचा सूर धरला.

बावीस मिनिटं भरली आहेत. मध्ये एकदा कोंबडा ओरडलाय, तो तसाच ठेवला. रविवारी रिक्षा परत सांगितली आहे.